सत्तेचाळीस नंबरचं डोकं

माणसाचं सगळं बदलतं, बदलत नाही ती फक्त कवटीच्या आतली जागा. केस जातात, दात जातात, उंची दोन बोटं कमी होते, खुद्द मेंदूसुद्धा कोरड्या महिन्यांतल्या तळ्यासारखा काठ सोडून आत आत आटत जातो. पण ज्या घरात तो राहतो त्या घराच्या भिंती वयाच्या पंधराव्या वर्षी जिथे उभ्या राहिल्या तिथेच मरेपर्यंत उभ्या असतात. म्हणून कुणाचा मेंदू किती आटला हे सांगायचं तर आधी त्याच्या घराचं माप पाहिजे. घराचं माप चुकलं की पुढचं सगळंच चुकलं. हे सगळं कोलापो ओयेलारान गेली सोळा वर्षं, इबादानच्या टेकडीवरच्या त्या संशोधन केंद्रात, दर नव्या तुकडीला उभं राहून आणि चष्मा काढून सांगत आला होता. आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, सर, हे परीक्षेला आहे का? तो म्हणायचा, नाही. मग पोरं पेनं खाली ठेवायची.

गुरुवारी अकराच्या सुमाराला वीज गेली. जनरेटर खोकत खोकत चालू झाला, आणि त्या दोन्हींच्या मधल्या मिनिटभराच्या शांततेत डॉक्टर इबिदुन त्याच्या खोलीत आली. इबिदुन तेहतीस वर्षांची, दोन वर्षं परदेशात शिकून आलेली, आणि चांगली बातमी द्यायला अजून स्वतःच्या पायांनी चालत येणारी. गेला महिनाभर ती नवा प्रोग्रॅम पारखत होती. एमआरआयचं चित्र आत टाकलं की कवटीच्या आतली जागा किती, ते हा प्रोग्रॅम चार मिनिटांत सांगायचा. पारखायला तिने नऊ वर्षांपूर्वीच्या अभ्यासातली साठ डोकी काढली होती, कारण ती साठच्या साठ कोलापोने हाताने मोजलेली होती, आणि कोलापोचा हात ही त्या केंद्रातली जवळजवळ एकमेव वस्तू होती जी विजेवर चालत नसे.

“सर, तुमचा हात म्हणजे हातच आहे,” ती म्हणाली. “साठातली एकोणसाठ माझ्या प्रोग्रॅमशी जुळली. आमच्या पिढीला नाही जमायचं हे.”

“आणि साठावं?”

“ते सोडा हो. सत्तेचाळीस नंबर. एकशे अठरा मिलिलिटर कमी आलंय तुमचं.”

कोलापो म्हणाला की साठात एखादं चुकायचंच, तेव्हा चष्म्याचा नंबरही बदलायचा राहिला होता. ती हसली, निघालीही, आणि दारात थांबली. “गंमत एवढीच वाटली सर, की चूक अशी नसते ना. चूक कधी आत जाते, कधी बाहेर. ही प्रत्येक कापावर आतच गेलीय. सगळीकडे सारखी, तांदळाच्या दाण्याएवढी.” तिच्या बोलण्यात संशय नव्हता. एखाद्या वेलबुट्टीचं कौतुक करावं तसं ती म्हणाली, आणि मोइन-मोइन संपायच्या आत कँटीन गाठायला निघून गेली.

तांदळाच्या दाण्याएवढी. कोलापोने टेबलाचा खण उघडला आणि उगाचच बंद केला. आपल्याला घाम आलाय हे त्याला कळलं आणि खोलीतला पंखा फिरतोय हेही कळलं, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायला त्याला थोडा वेळ लागला. नऊ वर्षं त्याने स्वतःला असं सांगितलं होतं की सत्तेचाळीस नंबरच्या वेळी काही झालंच नाही. म्हणजे असंही नाही. त्याने स्वतःला काहीच सांगितलं नव्हतं. घरातली एखादी खोली आपण वापरत नाही, आणि का वापरत नाही असं कुणी विचारलं तर म्हणतो, तिथे ऊन येतं. तसं. आणि आता एक तेहतीस वर्षांची पोर त्या खोलीचं दार ढकलून, आत नुसती नजर टाकून, छान आहे की, म्हणून जेवायला गेली होती.

त्या वेळीही प्रोग्रॅम होता. पण तो कुठल्या तरी थंड देशातल्या चाळीस माणसांच्या डोक्यांची सरासरी काढून बनवलेला होता, आणि इबादानची डोकी त्यात बसेनात. जरा लांबट डोकं आलं की प्रोग्रॅम मागचा भाग कापून टाकायचा, किंवा मानेचा तुकडा उचलून मेंदूत घालायचा. कोलापोची आई म्हणाली असती, आधी टोपी शिवून मग गिऱ्हाईक शोधायला निघालेला शिंपी. आईला हे म्हणायचा अधिकार होता. ओजेच्या बाजारात तिचं टोप्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिने जाड पट्ट्यांच्या हातमाग कापडाच्या फिला शिवल्या, आणि तिचं खरं नाव घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नसल्यामुळे सगळं ओजे तिला इया ओनिफिला म्हणे, टोप्यांवाली आई. ती टेप वापरत नसे. माणूस समोर बसला की त्याच्या कपाळावर तळहात टेकायचा, बोटं मागे न्यायची, आणि नंबर सांगायचा. बावीस, तेवीस. लग्नाआधी घेतलेली टोपी साठाव्या वर्षी होईना म्हणून कुणी भांडायला आला तर ती म्हणायची, डोकं वाढत नसतं बाबा, टोपी आटते. कोलापोने कवटीवरचा पहिला निबंध लिहिला तेव्हा त्याला वाटलं होतं आपण काहीतरी शोधून काढलंय.

म्हणून साठ डोकी हाताने मोजायची ठरली. एका डोक्याचे पावणेदोनशे काप. त्यातला दर दहावा घ्यायचा, पडद्यावर मोठा करायचा, आणि माउस धरून कवटीच्या आतल्या अस्तराच्या कडेने रेघ फिरवत आणायची. सतरा काप, सतरा रेघा, मग बाकीचं गणिताने. सगळे काप आखले तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही, हे सिद्ध करायला आधी कुणीतरी बिचाऱ्याने सगळे काप आखलेले असतात. अवघड एवढंच, की त्या चित्रात हाड काळं दिसतं, आणि मेंदूभोवतीचं पाणीही काळंच दिसतं. तरण्या माणसात मेंदू भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे करड्याच्या कडेने गेलं की काम झालं. म्हातारपणी मेंदू भिंत सोडतो, मधल्या जागेत पाणी भरतं, आणि मग काळ्यातून काळं शोधावं लागतं. पाणी कुठे संपलं, हाड कुठे सुरू झालं. मधे अस्तराचा एक फिकट धागा असतो, कधी दिसतो, कधी दिसलासा वाटतो. तिथे डोळा लागतो, आणि डोळ्याच्या मागे बसलेला माणूस लागतो. अहवालात त्या माणसाला ‘मोजणारा क्रमांक दोन’ म्हणतात, म्हणजे तो माणूस आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

म्हातारी माणसं मिळता मिळत नव्हती. इबादानमध्ये पाय दाखवायला सांगा, छाती दाखवायला सांगा, लोक दाखवतील. डोकं ही वेगळी चीज आहे. तिथली समजूत अशी, की जन्माला येण्याआधी प्रत्येकाने वरच्या कुंभाराच्या वखारीतून आपलं डोकं आपण निवडलेलं असतं, आतून भाजलं गेलंय की कच्चं राहिलंय ते न बघता, आणि नंतर तक्रारीला जागा नसते. असं आतून बघायला देणं म्हणजे उगाच दुकानदारावर अविश्वास. चव्वेचाळीसावर गाडी अडली. तेव्हा मग, शिरगणतीत माणसं कमी पडली की गणती करणारे आपल्याच घरचे भरतात तसं, केंद्रातल्या प्रत्येकाने आपापली आई नाहीतर बाप आणला. कोलापोने आई आणली. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. त्याला बोलावताना ती आधी त्याच्या वडिलांचं नाव घ्यायची, मग मामाचं, मग त्याचं. पण ते तर सगळ्यांचीच आई करते.

स्कॅनच्या दिवशी तिने डोक्याला बांधलेला ‘गेले’ काढला. ते गुंडाळलेलं निळं कापड तिने घडी करून त्याच्या हातात दिलं, आणि कोलापोला एकदम जाणवलं की आपण आईचं उघडं डोकं दिवसाउजेडी कधी पाहिलेलंच नाही. विरळ पांढरे केस, काळ्या दोऱ्याने बांधलेले, मधे भांगाच्या रस्त्यासारखी कातडी. त्याने नजर काढून घेतली. काचेपलीकडे बसून तो मायक्रोफोनमधून म्हणाला, “आई, आता वीस मिनिटं डोकं अजिबात हलवायचं नाही, कळलं का?” आणि आईने, मोठ्या माणसांसारखं मुलाने पहिल्यांदाच काही नीट सांगितलं म्हणून असेल, आतमध्ये पडल्या पडल्या मान हलवून हो म्हटलं. मशीन चालवणारा तंत्रज्ञ हसला. मग मशीन ठणठणायला लागलं. मधे एकदा कोलापोने विचारलं, बरी आहेस ना, आणि तिने पुन्हा तसंच हो म्हटलं. नंतर चित्रावर कपाळापाशी पाण्यात खडा पडल्यासारखे तरंग दिसत होते. म्हाताऱ्यांच्या चित्रांत असतातच थोडेफार.

महिन्याभराने ते चित्र त्याच्यापुढे आलं तेव्हा त्यावर नाव नव्हतं, नुसता सत्तेचाळीस. नियम असा की कुणाचं डोकं आपण मोजतोय ते मोजणाऱ्याला कळू नये. पण पहिलाच काप नाकाच्या मधोमध घेतलेला, चेहरा एका बाजूने कापलेला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघेत त्याच्या आईचं नाक होतं, तेच बसकं, टोकाशी जरा वर वळलेलं, आणि खालचा ओठ किंचित पुढे, गिऱ्हाईक भाव करायला लागलं की यायचा तसा. नियम असाही होता की ओळख पटली तर चित्र दुसऱ्याकडे द्यायचं. दुसरा म्हणजे मोजणारा क्रमांक एक. तो सुटीवर होता. हे कारण कोलापोने त्या वेळी स्वतःला दिलं, आणि ते खरंही होतं. अर्धा दिवस लागायचा तिथे पूर्ण दिवस लागला. मेंदू भिंतीपासून सुटलेला होता. कानांच्या वर, कपाळामागे काळी जागा होती, आणि त्या काळ्यात कुठेतरी भिंत होती. त्याने रेघ काढली. त्याला आठवतं त्याप्रमाणे त्याने खोटी रेघ काढली नाही. त्याने इतकंच केलं की जिथे शंका आली तिथे आतलं धरलं. आणि शंका त्या दिवशी सगळीकडे येत होती.

त्याचे वडील कोर्टात कारकून होते आणि त्यांचं डोकं मोठं होतं. शाळेत पोरं त्यांना भोपळा म्हणायची, ते त्यांनी पन्नास वर्षं मनात ठेवलं. आई त्यांच्या टोप्या चोवीसच्या मापाने शिवायची, आणि टोपीच्या आत, अस्तरावर, खडूने तेवीस लिहायची. कोलापोला हे सात-आठ वर्षांचा असताना सापडलं. त्याने विचारलं तर ती म्हणाली, “टोपी बसल्याशी कारण. आकडा माणसासाठी असतो.” वडील तेवीस नंबरचं डोकं घेऊन समाधानाने गेले. कोलापोने सतरावी रेघ जोडली तेव्हा आकडा आला बाराशे बहात्तर. मेंदू नऊशे साठ. शंभरात पंच्याहत्तर, तिच्या वयाच्या बाईला चारचौघींपेक्षा जरा बरंच. इबिदुनचा प्रोग्रॅम आता म्हणत होता तेराशे नव्वद. म्हणजे शंभरात एकोणसत्तर. मोजलं त्या दिवशी तो घरी जाताना अमाला आणि बकऱ्याचं मटण बांधून घेऊन आईकडे गेला होता, आणि तिने दोनदा विचारलं होतं, तू जेवलास का? दोन्ही वेळा त्याने हो म्हटलं.

हे इथेच संपलं असतं. आईचं डोकं एक नंबर कमी लिहिलेल्या टोपीसारखं कुठल्या तरी तक्त्यात पडून राहिलं असतं. पण त्याच वर्षी जून महिन्यात त्याच्या धाकट्या बहिणीला, मोरेनिकेला, मुलगी झाली. दोन वर्षांपूर्वी तिला एक मुलगी झाली होती आणि चाळीस दिवसांत गेली होती, तेव्हा या बारशाला सगळेजण जरा हळू आवाजात आले होते. आठव्या दिवशी सकाळी बशीत पाणी, मीठ, मध, कोला नट मांडलं. आईबापाने आपलं नाव सांगितलं, सासरच्यांनी त्यांचं, आणि मग आजीची पाळी आली. लाडाने हाक मारायचं नाव, ओरिकी, हे आजीनेच द्यायचं. पोर रडायला लागलं की त्या नावाने ते शांत होतं म्हणतात. आईने बाळाच्या कपाळावर तळहात टेकला, बोटं मागे नेली, गिऱ्हाइकाला करायची तस्संच, लोक हसले. आणि ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अजोके.”

अजोके हे त्या गेलेल्या मुलीचं नाव होतं. तेही तिनेच दिलं होतं. खोलीत मिठाची बशी तेवढी वाजली. गेलेल्या पोराचं नाव नव्या पोराला देणं म्हणजे गेलेल्याला दार दाखवणं. तेच पोर परत येतं आणि परत जातं, असं मानणारी माणसं त्या खोलीत निम्म्याहून जास्त होती, आणि न मानणाऱ्यांनीही मान खाली घातली. सासरची आजी उठली, बाळाला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. आई तिथेच बसून होती, हसऱ्या चेहऱ्याने. शेजारणीला विचारत होती, सगळ्यांची पानं झाली का?

पुढच्या रविवारी घरची बैठक बसली. वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे बाबा आग्बा म्हणत, त्यांनी आईला समोर बसवून विचारलं की हे काय केलंस. ती म्हणाली, चांगलं नाव आहे, माझ्या आईचं होतं. ते खोटं होतं, किंवा खोटं वाटलं. तिच्या आईचं नाव दुसरंच होतं. कुणी म्हणालं, मुलीच्या लग्नाला हिचा विरोध होता, ते अजून पोटात आहे. कुणी म्हणालं, वय झालंय, सोडा. तेव्हा मोरेनिके, बाळंतिणीच्या सुजलेल्या चेहऱ्याने, भिंतीपाशी बसलेली, कोलापोकडे वळून, थोरल्या भावाला मारायच्या हाकेने म्हणाली, “बोदा, तू तिच्या डोक्यात पाहिलंयस. तूच सांग. तिला कळत नाही, की कळतंय?”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या धंद्याबद्दल घरात कुणी काही विचारत होतं. एरवी नातेवाईक त्याला गुडघ्याचं औषध विचारायचे. त्याच्यासमोर आई बसली होती, निळा ‘गेले’ नीट बांधून, आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघत होती जशी पोराला शाळेत कविता म्हणायला उभं केल्यावर बघायची. त्याला वाटलं तिच्याबद्दल चांगलं बोलायचं आहे. खरंच तेवढंच वाटलं. तो चष्मा काढून म्हणाला, “डोकं उत्तम आहे. मी स्वतः मोजलंय. तिच्या वयाच्या मानाने आत सगळं भरलेलं आहे.”

मोरेनिके म्हणाली, बरं. बाळाला उचललं आणि गेली. त्यानंतर दोन वर्षं तीन महिने, आई मरेपर्यंत, तिने ती मुलगी आईच्या घरी आणली नाही. आई आधी विचारायची, मग विचारेनाशी झाली, मग पुन्हा विचारायला लागली, पण आता पहिल्यापासून, जणू बाळ कालच झालंय. मरणानंतर तिच्या लोखंडी पेटीत लहान लहान टोप्या निघाल्या. अकरा. निळ्या, तपकिरी, एक लाल काठाची. सगळ्या एकाच मापाच्या, आठ दिवसांच्या डोक्याच्या. मोरेनिकेने त्या पलंगावर ओळीने मांडल्या आणि त्याच्याकडे पाहिलं. कोलापो म्हणाला, दुकानातला माल राहिला असेल. त्यातली एक त्याने आणली. ती टेबलाच्या खणात आहे. त्याने पेनड्राइव्ह ठेवायला म्हणून आणली होती, आणि खरोखरच त्यात पेनड्राइव्ह ठेवलेले आहेत.

चार वाजता त्याने खोलीला कुलूप लावलं. बोदिजाला जाणाऱ्या टॅक्सीत तो मागच्या सीटवर, चौघांत चौथा, दाराला चिकटून बसला. शेजारच्या बाईच्या मांडीवर रताळ्यांची पिशवी होती आणि प्रत्येक वळणाला एक रताळं त्याच्या बरगडीत शिरत होतं. त्याला ते योग्यच वाटत होतं. आपण काय सांगणार हे तो मनाशी जुळवत होता. सुरुवात कवटीच्या जागेपासून करावी का? ती बदलत नाही, इथून? मग त्याला दिसलं की आपण चष्मा काढलाय आणि समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनला शिकवतोय. तो काय सांगणार होता ते खरं तर एका वाक्याचं होतं आणि त्या वाक्यात मिलिलिटर नव्हता. रेघ आत घेताना तो आईला कमी लेखत नव्हता, उलट. पण ज्याच्या आकड्याला घरात कधी किंमत नव्हती त्याचा तो एकच आकडा घरात चालला होता. त्याच्यापायी एक बाई दोन वर्षं दाराकडे बघत बसली होती. आणि तो आकडा तांदळाच्या दाण्याएवढ्या लाडातून आला होता. रागातून काढला असता तर निदान माफी मागता आली असती.

मोरेनिकेचं औषधांचं दुकान चौकातच. ती काउंटरमागे ताटलीत गोळ्या मोजत होती, बोथट सुरीने पाच पाच सरकवत. त्याला बघून तिने भुवया उचलल्या. तो सणाशिवाय येत नसे. समोर एक गिऱ्हाईक बाई उभी होती. कोलापोने तिच्या जाण्याची वाट पाहायला हवी होती, पण थांबलो तर आपण गुडघ्याचा मलम घेऊन परत जाऊ हे त्याला ठाऊक होतं.

“मी रेघ आत काढली होती,” तो म्हणाला. “आईच्या वेळी. तिचं डोकं होतं त्यापेक्षा लहान दाखवलं, म्हणून आतलं भरलेलं दिसलं. भरलेलं नव्हतं. ती विसरत होती, मोरेनिके. नाव देताना तिला ठाऊक नव्हतं.”

सुरी थांबली नाही. तिने उरलेल्या गोळ्या मोजल्या, पुडीत भरल्या, पुडीवर लिहिलं, त्या बाईला सांगितलं की सकाळ-संध्याकाळ, पोटात काही घालून, आणि पोराला दही देऊ नको. बाई गेली. मोरेनिकेने ताटली पुसली.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“इबिदुनने सांगितलं?”

“कोण इबिदुन? त्याच दिवशी कळलं होतं. अजोके म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंन, पाढा बरोबर म्हटल्यावर पोर बघतं तसं. मी रोज पन्नास माणसं बघते, बोदा. विसरलेलं माणूस मला कळत नाही?”

“मग मला कशाला विचारलंस, सगळ्यांच्या देखत?”

तिने काउंटरवरचा तराजू उगाच सरळ केला. “तू सांगशील म्हणून. तू सांगितलं असतंस तर मला ऐकावं लागलं असतं.” मग बाहेर बघत, “आणि तू उलटंच सांगितलंस, आणि मला बरं वाटलं. ती आजारी आहे म्हणाला असतास तर तिला इथे आणावी लागली असती. तुझ्या एकट्याच्या घरी कोण करणार होतं तिचं? मुलीच्याच गळ्यात पडतं ते. पहिली गेलेली, दुसरी आठ दिवसांची, आणि त्यात आई. मला नको होतं. तुझा आकडा मला सोयीचा पडला. मी म्हटलं, शिकलेला भाऊ आहे, मोजून सांगतोय, आपण कोण बोलणार?”

कोलापो शिक्षा घ्यायला आला होता, आणि इथे आधीच रांग होती. तो म्हणाला, “टोप्या तू ठेवल्यास का?” ती म्हणाली, दहा आहेत. मुलगी बाहुल्यांना घालत होती, आता बाहुल्याही खेळत नाही. नऊ वर्षांची झाली, तेवीस नंबरचं डोकं आहे, आजोबांवर गेलीय. मग तिने फ्रिजमधून माल्टची थंड बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली, झाकण उघडून, लहानपणी भांडण मिटल्यावर द्यायची तशी. आणि आपण दोघांनी नक्की कुठलं भांडण मिटवलं हे त्याला समजेना. बाटली संपेपर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. एकाने त्याला औषधवाला समजून रक्तदाबाबद्दल विचारलं.

घरी येऊन, दिवेलागणीलाच, त्याने अभ्यासाच्या प्रमुखांना, परदेशातल्या प्रोफेसर हेंड्रींना, पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिल्यात आई होती, टोप्या होत्या, वडिलांचं चोवीस नंबरचं डोकं होतं. दुसऱ्यात आई उरली. चौथ्यात एवढंच उरलं, की सत्तेचाळीस नंबरची व्यक्ती ही माझी जवळची नातेवाईक होती, मी तिला ओळखलं होतं, तिची कवटी मी प्रत्यक्षाहून लहान आखली, हे नव्या प्रोग्रॅममुळे उघड झालं, आणि प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यामुळे जी चूक शिरली आहे ती माझ्या नावासकट जाहीररीत्या दुरुस्त व्हावी. ‘माझ्या नावासकट’ हे शब्द त्याने दोनदा काढले आणि दोनदा घातले. निदान कुठेतरी, कुठल्या तरी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात का होईना, खरं माप लिहिलं जाईल. कुठल्याच टोपीच्या आत खरा आकडा लिहिलेला नसावा असं थोडंच आहे? पत्र गेलं. त्याने आईच्या घरून आणलेल्या तिच्या खुर्चीवरचे कपडे उचलून ठेवले आणि बऱ्याच दिवसांनी त्या खुर्चीवर बसला.

उत्तर शुक्रवारी जेवणाच्या सुटीआधीच आलं. प्रोफेसर हेंड्रींनी प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि काळजी न करण्याबद्दल कळवलं होतं. निबंधात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. सत्तेचाळीस नंबर पहिल्याच तपासणीत वगळलेला आहे. कोलापोचा आकडा कुठेच वापरलेला नाही, आणि त्या चित्रावरून नवा प्रोग्रॅम जो आकडा काढील तोही कुणी धरू नये. वगळलेल्यांची यादी सोबत जोडली होती. सत्तेचाळीसपुढे, कारणाच्या रकान्यात, लिहिलं होतं: सूचना देऊनही डोकं हलवलं, दोन वेळा.